मतदानाचा दिवस सरकारचा. प्रचाराचे दिवस कुणाचे?



निवडणुकीच्या प्रचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा की नाही, हा विषय धम्माच्या पाक्षिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. हा विषय वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा. आपण पंचशील पाळावे, मुलांना शिकवावे, वंदनेला वेळेवर यावे, असेही कुणी म्हणतील. परंतु एकाच्या पैशाने दुसरा निवडून आला, तर तो नंतर कुणाचा माणूस असतो, हा प्रश्न शीलाचाच आहे. आणि तो आपल्या वस्तीपासून, आपल्या विहारापासून दूरचा तर मुळीच नाही.

मी शिक्षक आहे. शिक्षकाला शाळेच्या परीक्षांइतक्याच निवडणुकाही पाठ असतात. मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचे, यंत्रे, याद्या, शाई, लाख सगळे मोजून घ्यायचे आणि नेमून दिलेल्या गावी पोहोचायचे. आंदर मावळात किंवा पवन मावळात एखाद्या वाडीची शाळा असते. बाके ओढून भिंतीला लावायची, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, रात्री तिथेच सतरंजीवर झोपायचे. सकाळी दार उघडले की त्या खोलीत राज्यघटना नांदू लागते. बंगल्याचा मालक आणि त्याच बंगल्याची झाडलोट करणारी बाई एकाच रांगेत उभी राहतात. एकाच बाटलीतली शाई दोघांच्या बोटांना लागते. हे सारे सरकारच्या, म्हणजे जनतेच्या खर्चाने होते. शाईचे पैसे उमेदवाराने द्यावेत असे कुणी म्हणत नाही. कारण उमेदवाराने आणलेल्या शाईवर कुणाचा विश्वासच बसणार नाही.

मग त्याआधीच्या पंधरा दिवसांचे काय? जीपगाड्या, फलक, पत्रके, मंडप, ध्वनिक्षेपक, कार्यकर्त्यांच्या जेवणावळी, हा सगळा खर्च कुणाचा? मतदानाचा दिवस सरकारचा आणि त्यापूर्वीचे सगळे दिवस पैसेवाल्यांचे, अशी ही वाटणी आहे. तिच्यावर आपण फारसा विचार केलेला नाही.

मतदानाचा हक्क आपल्याला आपसूक मिळाला नाही. इंग्रजी अमदानीत मत होते ते शेतसारा भरणाऱ्याला, प्राप्तिकर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. माझ्या पणजोबांच्या नावावर सारा भरावा असे शेत नव्हते. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकाराच्या अटी खाली आणण्याचा आग्रह धरला आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. ज्याच्याजवळ काही नाही त्यालाच मताची गरज सर्वांत अधिक, हा त्यामागचा विचार होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मालमत्तेची ती अट मतदाराच्या बाबतीत कायमची गेली.

पण ती गेली कुठे? माझे मत असे की ती मतदाराच्या दारातून निघाली आणि उमेदवाराच्या दारात जाऊन बसली. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४० लाख रुपये खर्च करण्याची मुभा आहे. ही मर्यादा २०२२ च्या जानेवारीत ठरली. ही कायद्याने घातलेली मर्यादा, म्हणजे कमी खर्चाची हमी असे कुणाला वाटेल. आता हिशेब करा. रोज ५०० रुपये मिळवणाऱ्या मजुराने एकही खाडा न करता आणि एक पैसाही न खाता काम केले, तर ४० लाखांना ८००० दिवस लागतात. जवळजवळ २२ वर्षे! एवढे करूनही मर्यादा आहे ती उमेदवाराला, पक्षाला नाही. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात असा निर्णय दिला होता की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून ती वाट बंद केली. न्यायालयाने लावलेले कुलूप महिनाभरही टिकले नाही.

लोकसभेची गोष्ट तर विचारूच नका. २००९ साली आपल्या मावळच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ प्रथमच निवडणुकीला सामोरा गेला. तो पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपासून सुरू होतो, लोणावळ्यावरून बोरघाट उतरतो, कर्जत-पनवेल घेतो आणि उरणला समुद्रापाशी थांबतो. दोन जिल्हे आणि मध्ये सह्याद्री! एखाद्या प्रामाणिक कार्यकर्त्याने सायकलवर प्रचार करायचे मनात आणले, तर त्याची मुदत घाटातच संपेल. तिथे मर्यादा ९५ लाखांची आहे. महाराष्ट्र विधानसभेत आज शंभरातले नव्वदाहून अधिक आमदार करोडपती आहेत. हे त्यांनीच आपल्या प्रतिज्ञापत्रांत लिहून दिलेले आहे.

द्रुतगती महामार्ग झाल्यापासून मावळात जमिनीचा पैसा आला. तो कष्टाच्या पैशासारखा हळूहळू येत नाही, एकदम येतो. आणि एकदम आलेल्या पैशाला प्रतिष्ठा हवी असते. निवडणूक ही तिची सर्वांत जवळची पेठ. ज्याने पैसा लावला तो वसूल करणारच, त्यात त्याला व्यक्तिशः दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. व्यापाऱ्याने व्यापार केला म्हणून आपण रागावत नाही. व्यापार जिथे होऊ नये तिथे आपण दुकान थाटू दिले, दोष त्याचा आहे.

आता वस्तीकडे वळू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला साउंड सिस्टीम हवी. ती कुणीतरी इच्छुक देतो आणि कमानीवर बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा त्याचा फोटो मोठा लागतो. विहाराला फरशी हवी, ती दुसरा देतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायला बस हवी, ती तिसरा देतो आणि बसच्या काचेवर नाव त्याचे. पुढे मताचा दिवस उजाडतो, तेव्हा फरशी, बस आणि साउंड सिस्टीम तिन्ही आपल्याशी बोलू लागतात. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला हे फार अवघड जाते. जुनी देवळे सोडली, जुने आधार सोडले, नवा विहार तर उभा राहिला पाहिजे. आणि पैसा घेऊन दारात उभा असतो तो नेमका हाच माणूस.

आमच्याकडच्या एका आजीला मी एकदा म्हणालो, आजी, मतासाठी पाकीट घेऊ नये. ती म्हणाली, "मास्तर, पाच वर्षं ते खात्यात. एक दिस आमी खाल्लं तर तुमचं काय बिघाडलं?" कायद्याचे उत्तर सोपे आहे. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. परंतु तिचे म्हणणे कायद्याच्या उत्तराने संपत नाही. आपल्या घरातला, आपल्या आळीतला, आपल्यासारखा मजुरी करणारा माणूस कधी त्या यादीत उमेदवार म्हणून दिसेल, अशी आशा तिला उरलेली नाही. उमेदवारी महाग झाली म्हणून मत स्वस्त झाले. या आजीला शीलाचा उपदेश करण्याआधी उमेदवारीचा भाव खाली आणला पाहिजे, असे मला वाटते.

इथे कुणी विचारील, मग दानच वाईट काय? राजकीय कामाला देणगी देणे हा गुन्हा आहे काय? नाही. चळवळ देणग्यांवरच चालली. गिरणी कामगारांनी, रेल्वेतल्या गँगमननी, झाडूवाल्या बायांनी दिलेल्या पैशापैशावर चालली. पाहायचे ते एवढेच की देणगी उघड्यावर दिली की पडद्याआड. यासाठी फार दूर जायला नको, आपल्याच तालुक्यात कार्ल्याचा डोंगर आहे. एकवीरेच्या पायऱ्यांनी वर गेले की चैत्यगृह लागते. आत शिरल्यावर आपण स्तूप पाहतो, लाकडी कमानी पाहतो आणि परत फिरतो. स्तंभांवरची अक्षरे मात्र पाहत नाही. ती ब्राह्मी अक्षरे म्हणजे देणगीदारांची यादी आहे! हा स्तंभ धेनुकाकटच्या अमुक यवनाचे दान. हे दार त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे काम. इथे एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, तिथे एक भिक्खुणी. वैजयंतीहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीहून, आलेला भूतपाल श्रेष्ठी तर मोठा धनिक. त्याचेही नाव आहे आणि सुताराचेही आहे. त्याच भिंतीवर राजघराण्यातल्या उषवदाताचा लेख आहे. इथल्या, म्हणजे त्या काळच्या वलुरकच्या, भिक्खूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले. राजाकडचे आणि लोकांकडचे, दोन्ही प्रकारचे धन एकाच लेण्यात आले. कुणी, कुठल्या गावच्याने, काय दिले, हे जवळजवळ दोन हजार वर्षे उन्हापावसात वाचता येते.

आणि आपल्या प्रजासत्ताकाने काय केले? २०१८ साली निवडणूक रोखे आणले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा. देणाऱ्याचे नाव जनतेला कळायचे नाही. १६००० कोटींहून अधिक रुपये या वाटेने गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावे बाहेर आली. कार्ल्याच्या सुताराला आपले नाव लपवण्याचे कारण नव्हते, कारण त्याला बदल्यात काही नको होते. नाव लपवणाऱ्याला काय हवे असते हे सांगायला नको.

सरकारी खर्चाची कल्पना आजची नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवडणूक सुधारणांसाठी समिती झाली. तिचा अहवाल १९७५ सालचा. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने उमेदवारांना रोख पैशाऐवजी वस्तूंच्या रूपाने मदत द्यावी असे सुचवले. १९९८ साली इंद्रजित गुप्ता यांची समिती नेमली गेली. तीत सोमनाथ चटर्जी होते, डॉ. मनमोहन सिंग होते. या समितीने तर नीटच म्हटले की सरकारी खर्चाची कल्पना घटनेच्या, कायद्याच्या आणि लोकहिताच्या दृष्टीने योग्य आहे. पेट्रोल-डिझेल, छपाईचा कागद, टपाल तिकिटे, ध्वनिक्षेपक, मतदार याद्या हे उमेदवाराला सरकारने पुरवावे. त्यासाठी केंद्राने वर्षाला ६०० कोटी आणि सर्व राज्यांनी मिळून तेवढेच घालावेत, असा तिचा आराखडा होता. तो कपाटात राहिला. २०१५ साली विधी आयोगाने सांगितले की संपूर्ण सरकारी खर्च आजच्या स्थितीत व्यवहार्य नाही. प्रत्यक्षात आले ते एवढेच की मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर फुकट वेळ मिळतो आणि त्यांच्या उमेदवारांना मतदार याद्या मिळतात.

मात्र सरकारी पैसा राजकारणात जातच नाही असे कुणी समजू नये. नोंदलेल्या पक्षांच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात सूट आहे. जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्याने पक्षाला देणगी दिली, तर त्यालाही सूट आहे. सूट म्हणजे काय? तिजोरीत यायचे ते आले नाही, म्हणजे तिजोरीतूनच गेले. कुठल्या पक्षाकडे जायचे हे ठरवले श्रीमंत देणगीदाराने. मजुराला प्राप्तिकरच नाही, तेव्हा त्याला सूटही नाही. सार्वजनिक पैसा आजही जातो आहे, फक्त धनवानाच्या बोटाच्या इशाऱ्याने जातो. ही गोष्ट मला सर्वांत अधिक खुपते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. मी साबणाच्या वडीवर कर भरतो, मोबाईलच्या रिचार्जवर कर भरतो. त्या पैशातून माझ्या समाजाचा द्वेष करणाऱ्या उमेदवाराची पत्रके छापायची काय? माझ्या घामाचा पैसा माझ्याच अपमानाला? आक्षेप खरा आहे, भावनेचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. मी स्वतः यावर पुष्कळ दिवस विचार केला आणि उत्तर मला विनयात सापडले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. भिक्खुसंघाला ठराव, गणसंख्या, शलाकेने मतदान हे सर्व ठाऊक होते. शलाका म्हणजे मतदानाची काडी. चुल्लवग्गात तिचे नियम आहेत. संघात वाद मिटला नाही तर बहुमत घ्यायचे आणि त्यासाठी एक भिक्खू नेमायचा, तो सलाकगाहापक. तो कसा असावा? छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या मागे न जाणारा, आणि कुणाची शलाका घेतली, कुणाची नाही हे जाणणारा. गुप्त मतदान असेल तेव्हा तो निरनिराळ्या रंगांच्या शलाका तयार करतो. हा रंग या मताचा, हा रंग त्या मताचा, हवी ती घ्या आणि कुणाला दाखवू नका, असे सांगतो. दोन्ही रंगांच्या काड्या संघाच्या वतीने संघाचा माणूस करतो. विरोधी मताच्या लोकांनी आपली काडी घरून आणावी असा नियम नाही. काडी पुरवणे म्हणजे त्या मताला दुजोरा देणे नव्हे. निर्णय निर्मळपणे व्हावा म्हणून केलेली ती सोय होय.

पुढची गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. त्याच नियमात असेही आहे की अधर्माचे बोलणारे बहुसंख्य झाले, तर सलाकगाहापकाने ते मतदान बाद करावे. संघाला एक धम्म मान्य होता म्हणून हे चालले. राज्यात तसे चालणार नाही. कलेक्टरने मतांची धार्मिकता ठरवू नये. इथे ती जागा संविधानाची आहे. धर्माच्या किंवा जातीच्या नावाने मते मागणे आणि द्वेष फैलावणे हे कायद्याने आजही भ्रष्ट मार्ग आहेत. जो त्या वाटेने जाईल, त्याच्याकडून सरकारी मदत व्याजासह परत घ्यावी. बाकी मला न आवडणाऱ्या मताची पत्रके माझ्या पैशाने निघाली, तरी मी ते सोसेन. कारण त्याच पैशाने माझ्या आळीतल्या माणसाची पत्रकेही निघतील, जी आज निघतच नाहीत.

पण मदत मिळणार कुणाला? इथे इंद्रजित गुप्ता समितीशी माझा मतभेद आहे. तिने मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना ठेवली, अपक्षांना नाही. आता १९३६ साल आठवा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले. त्यातले बहुतेक निवडून आले. सहा महिन्यांचा पक्ष! गुप्ता समितीचा नियम तेव्हा असता, तर बलाढ्य काँग्रेसला पेट्रोल मिळाले असते आणि बाबासाहेबांच्या पक्षाला एक टपाल तिकीटही नाही. जे आधीच मोठे आहेत त्यांनाच सरकारने आणखी मोठे करायचे, तर हा खटाटोप कशाला?

मग कुणीही उठावे आणि सरकारी पैसा घ्यावा काय? तसेही नको, फुकटचे लाटायला गावोगाव उमेदवार उगवतील. अमेरिकेतल्या मेन राज्याने यावर एक उपाय काढला आहे. १९९६ साली तिथल्या जनतेने कौल देऊन कायदा केला, २००० साली त्यावर पहिली निवडणूक झाली. उमेदवाराने प्रथम आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक संख्येच्या लोकांकडून पाच-पाच डॉलर गोळा करायचे. म्हणजे या माणसामागे माणसे आहेत हे दिसते. मग सरकारी निधी मिळतो, पण मोठ्या देणग्या घ्यायच्या नाहीत अशी अट असते. त्या पहिल्याच निवडणुकीत हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढणारी एक बाई आमदार झाली. हा मार्ग सक्तीचा नाही, आणि तोच त्याचा दुबळेपणा. ज्याच्याजवळ अधिक पैसा आहे तो सरकारी निधी नाकारतो. २००८ साली बराक ओबामा यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेच केले.

आपल्याकडे भीती त्याहून मोठी आहे. सरकारी पैसा उघड घ्यायचा, काळा पैसा लपून वाटायचा आणि दोन्ही हातांनी जिंकायचे. पाकिटातल्या नोटांवर सरकारी निधीने आळा बसेल असे मला मुळीच वाटत नाही. ते काम पोलिसांचे आणि आपल्या शीलाचे आहे. तसेच पक्षाच्या खर्चाला मर्यादा घातल्याशिवाय सरकारी निधी म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी. म्हणून ती मर्यादा आधी घालावी. पण सरकारी निधीमागचा माझा हेतू श्रीमंताला रोखण्याचा नाहीच. गरिबाला उभे राहता यावे, आपले म्हणणे प्रत्येक घरापर्यंत एकदा तरी पोहोचवता यावे, एवढा तो मर्यादित आहे. त्यापुढे लोक ठरवतील. १९५२ साली उत्तर मुंबईत काजरोळकरांकडून आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत प्रत्यक्ष बाबासाहेब हरले. पण ते उभे राहू शकले आणि लोकांनी त्यांचे म्हणणे ऐकले.

खर्चाचा आकडाही फार भयंकर नाही. मावळ विधानसभा मतदारसंघात साडेतीन लाखांहून अधिक मतदार आहेत. दर मतदारामागे वर्षाला १० रुपये, म्हणजे लोणावळ्याच्या स्टँडवरचा एक चहा, धरला तर वर्षाचे ३५ लाख होतात. पाच वर्षांचे पावणेदोन कोटी. पाच उमेदवारांनी लोकांकडून छोट्या वर्गण्या गोळा करून पात्रता मिळवली, तर प्रत्येकाला ३५ लाखांचे कागद, तिकिटे, इंधन आणि ध्वनिक्षेपक पुरवता येतील. वर्गणी कितीची असावी? मी २० रुपये म्हणतो. पाच हजार माणसांनी दिली तर उमेदवार पात्र. त्या पाच हजार देणाऱ्यांची नावे, गाव आणि रक्कम वडगावच्या तहसील कचेरीबाहेर भिंतीवर लावावीत. विरोधकाला वर्गणी दिली म्हणून गावचा पाटील किंवा बंगल्याचा मालक मजुराला कामावरून काढील, ही भीती मात्र उरते. तिच्यासाठी काही तरतूद लागेल. कदाचित २० रुपयांपर्यंतची नावे फक्त निवडणूक अधिकाऱ्याने पाहावीत आणि त्यावरची सर्व भिंतीवर जावीत. वाचकांपैकी जे वकिली करतात त्यांनी यावर लिहावे.